दोन रेघा

मशीन सोमवारी सकाळी आलं. चार हमाल, एक ढकलगाडी आणि जाड फळ्यांची पेटी. पेटीवर 'ही बाजू वर' असं लिहून बाण काढला होता, आणि तो बाण अर्थातच जमिनीकडे तोंड करून होता.

"बाण आकाशाकडे हवा," दारात उभा असलेला म्हातारा शांतपणे म्हणाला.

"आत लोखंडच आहे ना काका? लोखंडाला काय चक्कर येते?"

बाकीचे तिघे हसले. म्हातारा हसला नाही. त्याने पेटी सुलटी करून घेतली आणि मगच आत जाऊ दिली.

ह्या म्हाताऱ्याला सगळे मायक्रॉन म्हणत. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं बनतात तिथे, उभा जन्म काढलेला माणूस. मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी साहेबाशी भांडायचा, म्हणून ते नाव पडलं. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर त्याला घास गोड लागत नसे. बायको होती तोवर म्हणायची, "माझ्या शिवणीचे टाके तेवढे मोजू नका, उपकार होतील." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, बायको गेली, तरी नाव काही सुटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. चारचौघांत मिरवावं असं प्रत्येकाकडे काहीतरी असतं. त्याच्याकडे हे होतं की मायक्रॉन विसरत नाही.

मशीन मात्र लेकीचं होतं. ती एका कंपनीत जुने मायक्रोस्कोप दुरुस्त करायची. शनिवारी नोकरीचा शेवटचा दिवस आणि रविवारी घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू, असा तिचा बेत होता. पहिलं काम हातात आलेलं होतं: एका कॉलेजच्या मायक्रोस्कोपसाठी चाळीस पितळी कड्या. त्यासाठी हे धातू कोरणारं मिलिंग मशीन, बाकावर मावेल एवढं, तरी वजन दीडशे किलो. ते बसवून, सरळ करून रविवारपर्यंत तयार ठेवायचं काम बापाकडे होतं.

"आणि रविवारनंतर माझं काय?" त्याने विचारलं होतं.

"नंतर तुम्ही माझे हेडफिटर. फक्त पगार मागायचा नाही."

त्यावर तो चार दिवस शीळ घालत हिंडला होता. सहा वर्षं पेपरातली कोडी सोडवून माणूस किती सोडवणार?

सोमवारचा दिवस मशीन बाकावर चढवून बोल्टांनी आवळण्यात गेला. मंगळवारी त्याने ते धुतलं. कारखान्यातून निघताना गंज चढू नये म्हणून मशीनला घट्ट पिवळं ग्रीस फासलेलं असतं. ते रॉकेलच्या फडक्याने पुसायचं, खाचाखोचांतून जुन्या टूथब्रशने काढायचं आणि मग पातळ तेलाचा हात फिरवायचा. दुपारची वेळ होती. शेजारपाजार कामावर गेलेला. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन बाकावर पडला होता आणि फडक्याच्या आवाजाखेरीज कसलाही आवाज नव्हता. रॉकेल आणि ग्रीसच्या त्या वासात मधेच एकदा लवंगेचा वास आला. अगदी स्पष्ट, कोणी लवंग चघळत शेजारी येऊन उभं राहावं तसा. त्याने मान वर केली, खोलीत कोणी नव्हतं, आणि तो पुन्हा पुसायला लागला.

ग्रीस पुसून झाल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बटणाच्या शेजारी भिंतीत एक खिळा ठोकला. हा खिळा पान्यासाठी. मिलिंग मशीनमध्ये फिरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, पोटातून वरपर्यंत एक लांब बोल्ट जातो. कटर बसवला की तो बोल्ट वरून पान्याने आवळायचा. आवळून झाल्यावर पाना काढायचा, आणि ह्यात हयगय चालत नाही. कारण तो वर तसाच राहिला आणि कोणी बटण दाबलं, तर पाना बोल्टाबरोबर गरगर फिरतो आणि सुटतो. कुठे सुटेल हे देवसुद्धा सांगू शकत नाही. म्हणून टूलरूमचा नियम होता की आधी पाना खिळ्याला, मग हात बटणाला. हा नियम मायक्रॉननेच घालून दिला होता. का घालून दिला, ते तो कोणाला सांगत नसे.

बुधवारी त्याने डायल लावला. डायल म्हणजे घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर एक काटा, आणि एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. डायल स्पिंडलला अडकवायचा, त्याचं टोक मशीनच्या टेबलावर टेकवायचं आणि स्पिंडल हाताने हळूहळू पूर्ण गोल फिरवायचा. मशीनचं डोकं सरळ असेल तर काटा हलत नाही. वाकडं असेल तर काटा चुगली करतो. मग बोल्ट सैल करायचे, लाकडी हातोडीने टकटक करायची, पुन्हा फिरवायचं. दुपारभर हेच चाललं. चार वाजता काटा शून्यावर आला आणि चारी बाजूंना शून्यावरच राहिला. मायक्रॉनने हात पुसले, स्टूल ओढलं आणि आपलं काम बघत बसला.

सव्वाचारला काटा हलला. दोन रेघा. गेला आणि तिथेच थांबला.

कोणीही मशीनला हात लावलेला नव्हता. तो डोळे बारीक करून बघत राहिला. मिनिटभराने काटा परत शून्यावर आला. धक्का बसल्यासारखा नाही, अलगद, आपल्या आपण.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता किंवा सोडून दिलं असतं. मायक्रॉनने वही काढली. रस्त्यावरून ट्रक गेला का? नाही, आणि ट्रकने काटा थरथरतो, थांबत नाही. उन्हाने लोखंड वाढलं का? ऊन तर कधीच भिंतीवर सरकलं होतं. बाकाचा पाय खचला का? खचला असता तर काटा परत आला नसता. तिन्ही कारणं त्याने लिहिली आणि तिन्ही खोडली. मग त्याने टेबलाच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यावर आपला तळवा ठेवला आणि सहज रेलला, काम बघायला आलेला माणूस रेलतो तसा.

काटा दोन रेघा गेला.

तळवा उचलून त्याने त्याच जागी वजनाचे लोखंडी ठोकळे ठेवून बघितले. तीन किलोला दीड रेघ, चार किलोला बरोबर दोन. त्याने वहीत लिहिलं: 'सव्वाचार. उजवा पुढचा कोपरा. अंदाजे चार किलो.' लिहून झाल्यावर त्याने ते वाचलं आणि वही मिटून ठेवली. त्या कोपऱ्यावर कोण रेलायचं हे त्याला ठाऊक होतं.

टूलरूममध्ये त्याचा एक जोडीदार होता. त्याला सगळे सावकाश म्हणायचे, कारण कोणीही घाई केली की तो टेबलाच्या कोपऱ्यावर तळवा टेकायचा, दाढेखाली लवंग धरायचा आणि म्हणायचा, "सावकाश." मायक्रॉन त्याच्यावर खेकसायचा, "हात काढ, काटा हलतो." तो हात काढायचा आणि दोन मिनिटांनी पुन्हा टेकायचा. अकरा वर्षं दोघं एका मशीनवर होते.

सव्वीस वर्षांपूर्वी एका दुपारी सव्वाचारला, शिफ्ट सुटायला पंधरा मिनिटं असताना, एक घाईचं काम आलं. सावकाश नेहमीसारखाच रमतगमत कटर बसवत होता. मायक्रॉनला राहवलं नाही. "हो बाजूला," म्हणून त्याने त्याला पलीकडच्या लेथ मशीनवरून मोजपट्टी आणायला पिटाळलं, स्वतः वर हात घालून बोल्ट आवळला आणि तेवढ्यात ऑफिसमधून फोनसाठी बोलावणं आलं. तो गेला. पाना वरच राहिला. सावकाश परत आला, त्याने मशीनकडे बघितलं, जोडीदार मायक्रॉन असल्यामुळे वर बघायची गरज त्याला वाटली नाही, आणि त्याने बटण दाबलं. पाना कानशिलावर बसला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तो वारला. शुद्धीवर आलाच नाही.

चौकशी झाली. साहेबाने विचारलं, पाना कोणी लावला होता? मायक्रॉनच्या तोंडून निघालं, "त्यानेच लावला असेल. मी फोनवर होतो." एवढंच. त्यातलं 'असेल' कागदावर उतरताना गळून गेलं आणि मृताचा निष्काळजीपणा असा शेरा पडला. पुढे टूलरूममध्ये पाना विसरण्याला 'सावकाश करणं' म्हणायला लागले. नव्या माणसाला दम द्यायचा झाला की, "ए, सावकाश करू नकोस हं." असा दम मायक्रॉननेसुद्धा कित्येकांना दिला होता.

गुरुवारी तो मशीनपाशी कमीच रेंगाळला. सकाळी त्याने पहिला कटर बसवला, बोल्ट आवळला, पाना खिळ्याला लावला. लावला म्हणजे लावला. लावून झाल्यावर बोटाने त्याला एक टिचकी मारली, तशी त्याची सवयच होती. मग खोलीला कुलूप घालून तो बाहेरच्या खोलीत आडवा झाला.

सहा वाजता लेक आली. चप्पल काढायच्या आधी किल्ली घेऊन मागच्या खोलीत गेली. तिथून तिची हाक आली, तेव्हा आवाजात नेहमीची गंमत नव्हती.

"बाबा... इकडे या."

ती मशीनसमोर उभी होती. तिचं बोट बटणाच्या दोन बोटं अलीकडे थांबलेलं होतं. पाना वर होता, बोल्टावर नीट बसवलेला. खिळा रिकामा होता.

"मी दाबणारच होते," ती म्हणाली. "एकदा फिरतंय कसं बघावं म्हणून. वर लक्ष गेलं ते नशीब."

मायक्रॉनने वर बघितलं. पाना तिच्या कानशिलाच्या बरोबर उंचीवर होता.

"मी खिळ्याला लावला होता."

"मग इथे कसा आला?"

"मी खिळ्याला लावला होता, पोरी. सकाळी. कुलूपही मीच घातलं."

लेकीने पाना काढून खिळ्याला अडकवला. मग ती त्याच्याकडे वळली आणि फार मायेने, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलली. "बाबा, तुम्हीच ठेवला असेल. विसरला असाल. होतं असं."

तेच वाक्य. तोच 'असेल'. त्याला खूप काही बोलायचं होतं: की आपण पस्तीस वर्षांत... की कारखान्यात कोणालाही विचार... आपण केलेलं नसताना आपल्यावर येतं, तेव्हा कसं वाटतं, हे त्याला चौसष्टाव्या वर्षी कळत होतं. राग आला, आणि रागावून बोलायला तोंड नाही हेही कळलं.

"मी घरी नसताना मशीन चालू करू नका. एवढं ऐका माझं," लेक म्हणाली. "रविवारी पण... बघू. मी एकटीनेच करीन बहुतेक."

म्हणजे हेडफिटरची नोकरी रुजू होण्याआधीच गेली. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही ती त्यासाठी नाही. बटणाच्या अलीकडे थांबलेलं तिचं बोट त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी त्याने एक युक्ती केली. पान्याच्या तोंडात त्याने एक दणकट स्प्रिंग बसवली. आता पाना बोल्टावर दाबून धरला तरच बसणार. हात काढला की स्प्रिंग त्याला उडवून लावणार. त्याने वीस वेळा करून बघितलं आणि वीसही वेळा पाना टुणकन उडून टेबलावर पडला. असा पाना कोणी विसरूच शकत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी हे सुचलं असतं तर, असं मनात आलं आणि तो विचार त्याने तिथेच सोडला.

मग त्याने कटर काढून पुन्हा डायल लावला, मशीनचा प्लग काढला, पाना खिळ्याला अडकवला, टिचकी मारली, दाराला आतून कडी घातली आणि चार वाजता स्टुलावर बसला. खोलीत लख्ख उजेड होता. अंधार असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. अंधारात माणूस भास झाला म्हणू शकतो.

सव्वाचारला काटा दोन रेघा गेला.

तो काट्याकडे बघत राहिला. लवंगेचा वास आला. वास आधी दाराकडून आला, मग जवळून. काटा परतला नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, काटा तिथेच. काट्यावरची नजर काढायला त्याला धीर होत नव्हता. शेवटी त्याने मान वर केली.

खिळा रिकामा होता. पाना बोल्टावर होता. स्प्रिंग पूर्ण दबलेली होती, वेढ्याला वेढा चिकटलेला. तेवढी दाबायला माणसाचा हात लागतो, आणि नेट लावावा लागतो, हे त्याने सकाळीच मोजलं होतं.

अगदी हळू त्याने हाक मारली.

"सावकाश..."

पाना उडाला. टेबलावर आपटून खणखणला आणि घरंगळत त्याच्या पायाशी येऊन थांबला. काटा एकदा हेलकावला आणि शून्यावर आला. मायक्रॉन उठला. त्याने पाना उचलला नाही. कडी काढून तो अंगणात गेला आणि लेक येईपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिला.

शनिवारी सकाळी तो सावकाशच्या बायकोकडे गेला. दोन बस बदलून जावं लागायचं. ती एका शाळेत ग्रंथपाल होती, आता निवृत्त. वर्षातून एकदा तो जायचा, खुशाली विचारायचा, चहा घेऊन निघायचा. ती त्याला भावजी म्हणायची.

"आज कसे काय वाट चुकलात, भावजी?" तिने खुर्ची पुढे केली. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, सगळं जिथल्या तिथे, कपाटाची दारं घट्ट लावलेली. तिने चहा ठेवला.

चहा येईपर्यंत थांबलो तर आपण बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं. तो उभ्याउभ्याच बोलला.

"वहिनी, तो पाना मी विसरलो होतो. त्याने नाही. आवळला मी, फोनला गेलो मी. तो पट्टी आणायला गेला होता. त्याला काही माहीतच नव्हतं."

तिने गॅस बंद केला. पाठमोरीच उभी राहिली.

"दवाखान्यात मी तुम्हाला काय म्हटलं होतं, आठवतं?" तिने विचारलं.

आठवत होतं. दवाखान्याच्या बाकावर ती म्हणाली होती, सकाळी मी त्यांना घालूनपाडून बोलले, न जेवता गेले, डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून विसरले. आणि त्याने तिला पाण्याचा ग्लास दिला होता.

"आठवतं."

"साध्या छत्रीवरून भांडले होते मी. सव्वीस वर्षं ते भांडण मी रोज भांडते आहे, भावजी. रोज मी गप्प बसते आणि ते जेवून जातात." ती वळली. डोळे कोरडे होते. "तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"दरवर्षी इथे बसून चहा प्यायलात."

तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"पाना कोणीही विसरेल," ती म्हणाली. "पान्याचं मी काही म्हणत नाही."

चहा तिने ओतलाच नाही. तो निघाला तेव्हा दारापर्यंत आली आणि एकदम वेगळ्याच आवाजात, जरा घुटमळत म्हणाली, "एक विचारू? एवढ्या वर्षांनी आजच का आलात?"

त्याने सांगितलं. मशीन, काटा, दोन रेघा, सव्वाचार. आपल्याला वेडा समजेल असं वाटत होतं. ती फक्त ऐकत होती. मग तिने कपाटाकडे बघितलं.

"रोज दुपारी ह्या कपाटाची कडी वाजायची," ती म्हणाली. "ते गेल्यापासून. सव्वाचारला. कोणी बंद आहे की नाही बघावं तशी, एकदाच, खट. ते असताना झोपायच्या आधी बघायचे ना, तशी. मी कोणाला बोलले नाही. सोबत वाटायची. सोमवारपासून वाजली नाही, म्हणून म्हटलं, सुटले असतील एकदाचे..." ती थांबली. "तर तुमच्याकडे आहेत."

संध्याकाळी त्याने लेकीलाही सगळं सांगितलं. फक्त काट्याचं आणि कडीचं नाही, बाकी सगळं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. लेकीने नोकरीच्या शेवटच्या दिवशी मिळालेली फुलं अजून हातातच धरली होती.

"आणि टूलरूममध्ये तुम्ही सगळे त्यांच्या नावाने..." तिने वाक्य पुरं केलं नाही. ती फुलांचा कागद चुरगाळत बसली. "म्हणून परवा तुमचं तोंड तसं झालं होतं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट विचारलं, "काल मी सव्वाचारला कान लावून बसले होते. काही वाजलं नाही. तुमच्याकडे वाजलं का हो काही?"

"नाही वहिनी. काल मीही बसलो होतो बघत. काटा शून्यावरच होता."

"मग गेले कुठे?" ती म्हणाली. तिने फोन ठेवला नाही, आणि त्यालाही ठेववेना. मग केव्हातरी फोन बंद झाला.

दुपारी तीनला लेकीने काम सुरू केलं. बापाला तिने नको म्हटलं नाही, पण बोलावलंही नाही. तो दाराशी उभा राहिला. तिने पितळेचा तुकडा पकडला, कटर बसवला, बोल्ट आवळला. स्प्रिंगने पाना तिच्या हातातून उडवला तशी ती दचकली, मग किंचित हसली. पाना खिळ्याला. टिचकी. ती टिचकी तिने त्याच्याकडूनच उचलली होती. मग बटण. मशीन एकसुरात गुणगुणायला लागलं, पितळेचा सोनेरी चुरा टेबलावर सांडला, आणि मायक्रॉनचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या तीन कड्या उत्तम झाल्या. चौथीच्या आधी तिने मशीन बंद केलं, कटर उतरवला आणि डोकं सरळ आहे ना हे तपासायला डायल लावला. बापाची लेक होती. मायक्रॉन स्वयंपाकघरात गेला, दोन कप चहा केला आणि दोन्ही हातांत कप घेऊन परत आला. दाराशी त्याची पावलं थबकली. ती डायलवर वाकलेली होती, पाठ त्याच्याकडे, नाक काट्यापासून वीतभर. खिळ्यावरचा पाना जागेवर होता. त्याने आधी तेच बघितलं.

"बाबा, हात काढा ना टेबलावरून," ती मान वर न करता म्हणाली. "काटा हलतोय. दोन रेघा गेल्या बघा."

तो दारात होता. तिच्यापासून चार पावलांवर. हातांतले दोन्ही कप भरलेले होते.

मग काटा परतला असावा.

"हां, आता बरोबर," लेक म्हणाली, आणि वर न बघताच, आपल्या उजव्या बाजूच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळून तिने विचारलं, "लवंग कधीपासून खायला लागलात?"